खोटाखोटा आल्बिन

प्रिय वितोरे,

अक्षर ओळखलं असशील. शाळेत तू माझी गणितं सोडवायचीस आणि मी तुझे निबंध लिहायचे. बाईंना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. हे पत्र तुझ्या सासूबाईंच्या हाती पडू नये म्हणून मारिये बाईंकडे देतेय. शाळेतल्या मारिये बाई अधूनमधून आमच्याकडे इलिरला शिकवायला येतात. वाचून झालं की चुलीत टाक. अर्ध्यावर मात्र टाकू नकोस.

आमच्याकडे तीन पुरुष आहेत, सासरे, माझा नवरा झेफ आणि माझा मुलगा इलिर. तिघंही फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. का, ते तुला मी काय सांगणार. माझ्या दिराने, ग्योनने, कालव्याच्या पाण्यावरून तुझ्या नवऱ्याला, देदला, गोळी घातली. ग्योन तुरुंगात गेला, देद मातीत गेला, आणि आता रिवाजाप्रमाणे त्या रक्ताची भरपाई आमच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाकडून घेता येते. ग्योनची बाजू मांडायला मी लिहीत नाहीये. तुझ्या लग्नात तुझे केस मी विंचरले होते, आणि देदची अंत्ययात्रा मला खिडकीच्या फटीतून बघावी लागली. एवढंच त्याबद्दल.

बायकांना रस्ता मोकळा आहे. मी शिवणाच्या कारखान्यात जाते, पाव आणते, औषधं आणते. झेफ घरात घेवडा शिजवतो. गावातल्या निम्म्या सायकली ज्याच्या हाताखालून गेल्या तो माणूस आता मी परत आले की विचारतो, "बाहेर वारा आहे का गं?" अंगणात वारा येतोच की, पण त्याला रस्त्यावरचा हवा असतो. पहिल्या हिवाळ्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मग एक दिवस मी चिडून म्हटलं, "तुझं जे व्हायचं ते होईल, पोराचं काय? तो भिंतीकडून काय शिकणार?" तेव्हा तो उठला.

वितोरे, चार भिंतींत मूल वाढवायचं म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. आकडे सोपे गेले. घेवड्याचे दाणे होते, अक्रोड होते. अक्षरं आम्ही परातीतल्या पिठात बोटाने काढली. झेफने त्याला जुन्या भागांतून छोटी सायकल जोडून दिली. डाळिंबाच्या झाडाभोवती तो इतक्या फेऱ्या मारतो की तिथे गवत उगवत नाही. पण अंगण एवढंसं, त्यामुळे पोराला फक्त डावीकडे वळता येतं. तळ्याचं चित्र काढ म्हटलं तर त्याने बादली काढली. तळं आमच्या घरापासून किती जवळ आहे, तुला ठाऊक आहे.

अवघड होतं ते वेगळंच. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हातातलं अर्धं दुसऱ्याला द्यायचं, हरलं तरी खेळत राहायचं, हे दुसरं मूल नसताना शिकवायचं कसं? मोठी माणसं त्याला जिंकू देतात. म्हणून मीच दुसरं मूल झाले. जमिनीवर बसायचे, हट्ट करायचे, रुसायचे, त्याचा अक्रोड पळवायचे. एकदा खेळता खेळता त्याने विचारलं, "तुझं नाव काय रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आल्बिन."

तुझ्याच मुलाचं नाव का आलं, मला विचारू नकोस. दोघं एकाच पाळण्यात झोपायचे म्हणून असेल. पण त्या दिवसापासून आमच्या घरात खोटाखोटा आल्बिन राहायला आला. इलिर त्याच्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवायचा. कधी ढकललं तर मागून म्हणायचा, "चुकलं माझं, आल्बिन." मी बाजूला जाऊन डोळे पुसायचे.

मग ते सासऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी इलिरला मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, आल्बिन कुणाचा मुलगा, ठाऊक आहे का तुला?" आणि सांगायला लागले. कुणी कुणाला मारलं, कुणाच्या आजोबांनी कुणाच्या चुलत्याला, सगळी नावं ओळीने. मी म्हटलं, "मामंजी, तो सहाचाही नाही." ते म्हणाले, "मीही सहाचा नव्हतो, सूनबाई." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. ते नातवाला आपल्याजवळ होतं ते देत होते. आणि इलिरने दोनदा ऐकून सगळी नावं धडाधड म्हणून दाखवली. ती स्मरणशक्ती मी मेहनतीने घडवली होती, रोज एक गोष्ट, रोज एक कविता. त्या रात्री वाटलं, आपण घागर घासून लख्ख केली आणि ती भरायला दुसरंच कुणी बसलंय. तुझ्याकडेही एक म्हातारा आहे. तोही संध्याकाळी आल्बिनला मांडीवर घेत असेल.

लाकडाची गाडी आली तो दिवस तुला माहीत आहे, पण आमच्या बाजूने माहीत नाही. फाटक उघडं होतं, मी मोळ्या रचत होते, आणि इलिर सायकलसकट निसटला. झेफ उंबरठ्यापर्यंत धावला आणि तिथेच थांबला. सासऱ्यांनी मागून त्याचा सदरा धरला होता, पण ते धरणं काही घट्ट नव्हतं. त्याचे स्वतःचेच पाय उचलत नव्हते. स्वतःचा मुलगा रस्त्यावर, आणि बापाला एक पाऊल टाकता येत नाही, असा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. मी तळ्याकडे धावले. तो सारखा तळ्याचं विचारायचा ना. मला सुचायला हवं होतं की त्याला डावीकडेच वळता येतं, आणि डावीकडे तुझं घर आहे.

परत आले तेव्हा मला फक्त तुझी पाठ दिसली. बाकी झेफने सांगितलं. तू एका हाताने हँडल धरून इलिरला भर रस्त्याने चालवत आणलंस, म्हणजे बाई बरोबर असताना कुणी हात उचलणार नाही. फाटकाशी थांबलीस आणि म्हणालीस, "चेन सैल झालीय पोराची. घट्ट कर." एवढंच बोलून गेलीस. झेफने चेन घट्ट केली, मग सोडली, मग पुन्हा घट्ट केली, आणि मग सायकलवर डोकं टेकून रडला. इलिर मला सांगत होता, "खरा आल्बिन पाळीपर्यंत थांबत नाही, पण त्याने मला त्याची घंटी वाजवू दिली."

तुझ्या घरी तुला त्याबद्दल काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना आहे. नंतर चर्चचे फादर तुझ्या सासऱ्यांकडे इलिरपुरतं अभय मागायला गेले, तेव्हा उत्तर आलं, "पोर लहान आहे, पण आडनाव लहान नाही." ठीक आहे. पुरुषांचं पुरुषांनी बघावं. त्यांच्या शब्दाची वाट बघत राहिले तर माझा मुलगा त्याच अंगणात मिशा फुटेपर्यंत गोल फिरत राहील.

म्हणून लिहितेय. सोमवारी शाळा सुरू होते. आल्बिनही त्याच वर्गात आहे, असं मारिये बाई म्हणाल्या. मी इलिरला हाताला धरून चालत नेणार आहे. झेफला सांगितलंय. त्याने इलिरचे बूट पुसायला घेतले. सासऱ्यांना सांगितलेलं नाही. शाळेचा रस्ता तुझ्या फाटकावरून जातो, दुसरा नाही. तुझा दीर तेव्हा अंगणात कॉफी घेत असतो, हेही मला ठाऊक आहे. मी माफी मागत नाही, ती माझ्या हातातली गोष्ट नाही. सोमवारी सकाळी तू फाटकात उभी राहा, एवढंच मागते. आल्बिनला घेऊन उभी राहिलीस तर फारच बरं. बोलायची गरज नाही. मी इलिरला शिकवलंय की त्या फाटकाशी पोचलं की मान वर करून म्हणायचं, "सुप्रभात, वितोरे मावशी." तो रोज सराव करतो. काल विचारत होता, उत्तर आलं नाही तर काय करायचं. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचं.

तुझीच, अजूनही,
द्रांदे