एकच तारा

४ मार्च

एक तारा. पाचातला एक! सोबत शब्दही नाही.

ओलीने खाल्लेला लग्नातला फोटो होता. नवरीचा डावा डोळा आणि अर्धा गाल पार गेलेला. उजव्यावरून डावा डोळा उभा केला. गालावरची खळी अगदी पुसट ठेवली — जरा जास्त झाली की चेहरा खोटा वाटतो. मान मोडेस्तोवर स्क्रीनसमोर बसले. त्याचं हे बक्षीस! गिऱ्हाईक कोण, देव जाणे. कामं मिळवून देणाऱ्या साइटवर नुसतं टोपणनाव.

५ मार्च

नवरा म्हणाला, तारे आकाशात शोभतात, जेवायला चल. त्याला विनोद सुचतायत.

८ मार्च

सरासरी घसरली. आधी साइटच्या पहिल्या पानावर होते, आता मलाच मी सापडत नाही. नवीन काम बंद. साइटवाल्यांना लिहिलं, निदान त्याला कारण तरी विचारा. उत्तर आलं — ग्राहकांच्या मतात आम्ही ढवळाढवळ करत नाही, आपला दिवस शुभ जावो. डोंबलाचा शुभ! चोरालासुद्धा गुन्हा काय ते सांगतात. आणि काम अर्धं झाल्यावर चारदा मन बदलणाऱ्या गिऱ्हाइकांना तारे कोण देणार?

११ मार्च

जाऊबाईंचा सल्ला: मैत्रिणींना गिऱ्हाईक बनव, पाच-पाच तारे लावून घे, सगळे तेच करतात. मी म्हटलं, फोटोत नसलेला डोळा मी बनवते, नसलेलं गिऱ्हाईक बनवणार नाही. मग बस तत्त्वं कुरवाळत, म्हणाल्या. बसते!

१२ मार्च

राहवलं नाही. त्या एकतारेवाल्याला साइटवरून निरोप धाडला. चांगला झोडपला. माझं पोट यावर चालतं, काय चुकलं ते तोंडाने सांगायची धमक असेल तर फोन करा — असं लिहून खाली नंबर दिला.

१३ मार्च

फोन आला. म्हातारा, थकलेला आवाज. फोटोतला नवरा तोच. बायको गेली, आता फोटो उशाशी असतो.

"रागावलात का हो बाई? पाच म्हणजे पाचवा नंबर ना? तुमचं काम एक नंबर झालं, म्हणून एकच दिला."

पुढे म्हणाले, आमच्या बिल्डिंगमधले आणखी तिघं फोटो पाठवतायत. मी बजावून ठेवलंय सगळ्यांना — बाईंना एकच द्यायचा.