मुलीकडून बोलणारी

१० मार्च
आज जेवताना पुन्हा माझ्या समाजशास्त्राची पूजा! बाबा म्हणाले, "शेजाऱ्यांची भांडणं, कुणाचं लग्न, कुणाचं पोर – हेच शिकतेस ना तिथे कंपालाला? ते तुझी आत्या फुकट सांगते." आत्यानं मटोके, म्हणजे उकडलेल्या केळ्यांचा लगदा, आणखी वाढून घेत मान डोलावली – जणू प्राध्यापक झाली!
त्यांना नर्स हवी होती. मिळाली मी.

१४ मार्च
शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय मंजूर! नवरामुलगा रीतीनं ओळख द्यायला मुलीच्या घरी येतो – त्या क्वांजुलात दोन्ही घरं आपापला बोलणारा आणतात. हे दोघे दिवसभर एकमेकांची खेचतात आणि संध्याकाळी सोयरीक पक्की. हे जमतं कसं, तेच शोधायचंय.
ओचाया सर म्हणाले, "लांबून बघायचं, प्रॉसी. मध्ये पडायचं नाही."
मी आणि मध्ये पडणार? छे!

२३ मार्च
गावातले लुबोवा आजोबा मला क्वांजुलांना सोबत न्यायला तयार झाले! साऱ्या मसाका जिल्ह्यात त्यांच्या तोडीचा बोलणारा नाही. अट एकच – त्यांची पिशवी मी उचलायची.
"हे शिकून होणार कोण तू?"
"समाजशास्त्रज्ञ."
"पगार कोण देतं?"
"अजून माहीत नाही."
"मग तू माझ्याच धंद्यातली!"

६ एप्रिल
आज आजोबांनी नवऱ्याच्या चकचकीत बुटांची अशी काही थट्टा केली, की नवऱ्याची स्वतःची मावशी डोळे पुसत हसली. पण मागे एक म्हातारा अनवाणी बसला होता, त्याच्याकडे त्यांची जीभ वळलीच नाही. परतताना विचारलं. म्हणाले, "ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याला बोलायचं नाही. लिही, मार्क मिळतील."
पिशवी केवढी फुगलेली असते. आत काय, तर उशी!

१८ मे
ताईच्या क्वांजुलाची तारीख ठरली – पंधरा जून! आमच्याकडून अर्थात लुबोवा आजोबा.

१५ जून
आजचं आजच लिहिते.
सकाळी आजोबा आले ते गळा धरूनच. आवाज नाहीच! नुसती फुसफुस. मी म्हटलं, "काल थंड सोडा प्यायलात ना?" त्यांनी हसून काठी उगारली. तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. नवऱ्यामुलाची, रोनाल्डची, माणसं पांढऱ्या पायघोळ कांझूंत रांग लावून उभी, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. बाबांना घाम फुटला.
आजोबांनी काठी माझ्याकडे केली.
बाबा ओरडले, "बाई बोलते का कुठे? लोक काय म्हणतील?"
आत्या म्हणाली, "लोक काय म्हणतील, हेच ती तीन वर्षं शिकलीय. जा गं पोरी."
मी विचारलं, "गुडघे टेकून बोलू की उभी राहून?" आजवर या अंगणात मोठ्यांपुढे मी उभ्यानं बोललेले नाही.
आजोबा फुसफुसले, "उभी राहा. गुडघ्यांवरचा आवाज मागच्या तंबूपर्यंत जात नाही."
उभी राहिले. त्यांचा बोलणारा सेम्पा – त्यानं मला वरून खाली पाहिलं. "या घरातले पुरुष संपले का हो?"
बाबा चपलांकडे बघताहेत. माझं तोंड आपोआप उघडलं.
"पुरुष आहेत की! पण तुम्ही यायला इतका उशीर केलात, की भुकेनं त्यांची जीभ उचलेना."
आधी हसली ती त्यांच्याच बाजूची एक म्हातारी. मग सगळे!
आमच्याकडे कुळं प्राण्यांच्या नावांची. त्यांनी आपलं कूळ सांगितलं – माकडाचं. आमचं नाकतोड्याचं. मी म्हटलं, "घरात माकड शिरतंय, बायांनो, शेंगदाणे झाका!" सेम्पा म्हणाला, "आमचं माकड शेंगदाणे सोडेल, पण उड्या मारणारा नाकतोडा घेतल्याशिवाय हलणार नाही." मीच हसायला लागले! मागून आजोबा काठीनं टाचेला टोचत होते – आटप, लांबलं.
शेवटी मी विचारलं, "उद्या भांडण झालं तर आमची मुलगी कुणाकडे जाईल?" हे कुठलाच बोलणारा विचारत नाही. सेम्पानं मागे वळून पाहिलं. रोनाल्डची आई बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्याकडे. मी तिची बाजू घेईन."
ताई आतल्या खोलीत रडली. आत्या सांगत होती.
रात्री बाबांनी माझ्या ताटात कोंबडीच्या पोटातली गिझार्ड वाढली. आमच्यात ती घरच्या कर्त्या पुरुषाची! मी ती खाल्ली.

१९ जून
हे ऐकून ओचाया सर पोट धरून हसले. "लांबून म्हटलं होतं! तू तर तंबूच्या मधोमध!" मग चष्मा पुसत म्हणाले, "प्रबंध पुन्हा लिही. या वेळी स्वतःला लपवू नकोस."
म्हणजे सुट्टी गेली!

३ जुलै
लुबोवा आजी आल्या होत्या. आजोबांच्या गळ्यात गाठ आहे. काढायची म्हणजे आवाजही जाणार, कायमचा. ऑगस्टमध्ये ज्या घरांकडून ते बोलणार होते, त्या सगळ्यांना त्यांनी माझं नाव कळवून टाकलंय. मला न विचारता!
आजी म्हणाल्या, "तो पहिल्या रांगेत बसणार म्हणतोय. नीट बोल गं. चुकलीस तर त्याला खाकरूनही सांगता येणार नाही."
मी हो म्हटलं.