जुळलं नाही म्हणे

३ सप्टेंबर. अक्ताऊ, मावशीकडे

मावशीच्या नातवाचं लग्न झालं. मला जागा दाराजवळ. सार्बिनाझ मात्र आत, थेट म्हाताऱ्यांच्या रांगेत, मानाच्या गादीवर! वय वर्षं चौतीस! मावशीनं सगळ्यांदेखत तिचा हात धरून कपाळाला लावला. "या पोरीनं भावाला किडनी दिली. अशी बहीण देव घरोघरी देवो." बायका डोळे पुसायला लागल्या. आणि आमची ही धाकटी, तोंडात मटणाचा तुकडा — "कुठली किडनी? हां, ती होय!" सगळे हसले. आणि ज्याला किडनी मिळाली तो आमचा भाऊ, पाराखात, सगळ्यांत मोठ्यानं.

आई गेली तेव्हा पाराखात नऊ वर्षांचा, सार्बिनाझ पाच. मी, त्यांची थोरली अपा, वीस. आलेलं स्थळ मी परत धाडलं ते या दोघांसाठी. दिवसभर शिवणवर्गात शिकवायचं, घरी येऊन कणीक तिंबायची. हे कुणाला आठवत नाही. म्हणून मीच मावशीला आठवण करून दिली. तर म्हणते, "हो गं बाई, माहीत आहे. दर वेळी सांगतेस."

दर वेळी!

४ सप्टेंबर

घरी, नुकूसला जायची गाडी परवा सकाळी. उद्याचा दिवस मोकळा. पाराखातनं समुद्रावरच्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. आधी तिला विचारलं. मग मला सांगितलं.

५ सप्टेंबर, सकाळ. हॉटेल

खोली छान आहे. पडदे निळे, शिवण कच्ची. गच्चीतून नुसतं पाणीच पाणी. तीन दिशांना! वारा असा की टॉवेल उडून खालच्या मजल्यावर गेला.

आठ वाजता मी त्यांच्या टेबलाशी पोचले तेव्हा दोघं निम्मं खाऊन बसलेले. पाराखात अंडं सोलत होता. वाटलं स्वतःसाठी. सोललं आणि ठेवलं तिच्या बशीत!

मी विचारलं, "आठची गोळी?"

"घेतली, अपा."

"कधी? मी पाहिलं नाही."

"तुझ्या आधी."

सार्बिनाझ म्हणाली, "मी पाहिली ना गिळताना. घोडा पाणी पितो तसा आवाज आला." आणि दोघं फिदीफिदी हसत सुटले. ही काळजी घेणार त्याची! स्वतःचा चष्मा रोज हरवते.

मागच्या वर्षी ताश्कंदला दोघींची तपासणी झाली. आधी हात पुढे केला तो मी. माझा रक्तगट त्याचाच. ही तर तपासणीला तासभर उशिरा आली, तीही पासपोर्ट विसरून. डॉक्टरांशी पाराखात बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अपा, तुझं जुळलं नाही म्हणे." तीन दिवस मला घास गेला नाही. लोकांना वाटलं भावाच्या काळजीनं. काळजी होतीच. पण खरं इथे लिहिते — हिचं जुळलं म्हणून गेला नाही.

५ सप्टेंबर, दुपार

घाण झाली सगळी. माझ्याच तोंडानं.

सकाळी आम्ही वाळूवर गेलो. पाराखातला डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलंय, म्हणून मी त्याला लांब बाह्यांचा सदरा घालायला लावला. मुकाट्यानं घातला. सार्बिनाझ पोहायच्या कपड्यांत. कुशीवरचा व्रण उघडा, लाज ना लज्जा! पाराखातनं सदरा वर करून आपला दाखवला. "तुझा वाकडा आहे. माझा बघ, पट्टी लावून काढलाय." "माझ्यातून चांगला माल काढायचा होता, घाई झाली त्यांना." भिजलेल्या मांजरांसारखे एकमेकांना ढकलत होते. मी थर्मासातला दुधाचा चहा ओतत बसले.

शेजारच्या छत्रीखाली उराल्स्कची एक मास्तरीण होती. तिनं व्रण पाहून विचारलं. सार्बिनाझ म्हणाली, "भावाला हवी होती, देऊन टाकली एक." बाईनं तोंडावर हात ठेवला. "अगं पोरी! तू तर याला दुसरा जन्म दिलास! याची आईच झालीस तू!"

आई! तेवढ्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं.

म्हटलं, "किडन्या दोन असतात, बाई. हिनं एक दिली. मी आख्खं आयुष्य दिलंय याला. ते कापून दाखवता येत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही!"

पाराखातनं पेला वाळूत ठेवला.

"अपा, आज नको."

"आज नको, काल नको! मग कधी? मी मेल्यावर?"

तो उठला. मी घालायला लावलेला सदरा काढला, वाळूत टाकला आणि भर उन्हात सरळ पाण्यात शिरला. मी ओरडले, "डोकं तरी झाक!" त्यानं वळून पाहिलं नाही. मग सार्बिनाझ धावली, आपली फितीवाली टोपी घेऊन. ती मात्र घातली त्यानं! बायकी टोपी घालून कमरेएवढ्या पाण्यात उभा. जरा वेळानं हसूही आलं त्याला.

मी खोलीवर निघून आले. मागोमाग सार्बिनाझ आली, ओली तशीच.

"तुला हेवा वाटतो माझा?"

"वाटतो!" पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. "जळते मी! तो हक्क माझा होता. तुला काय कळतंय त्यातलं? तू तर विसरूनही जातेस!"

वाटलं, आता ही रडेल किंवा भांडेल. ती पलंगावर बसली. केसांतलं पाणी चादरीवर टपकत होतं. दोनदा काही बोलायला गेली, दोनदा तोंड मिटलं. शेवटी म्हणाली, "अपा, तू जेवून घे."

मला तिची दया नको आहे.

६ सप्टेंबर. गाडीत

माझं जुळत होतं.

तिच्यापेक्षा चांगलं जुळत होतं. आज स्टेशनवर पाराखात पाणी आणायला गेला तेव्हा सार्बिनाझनं सांगितलं. एका दमात, माझ्याकडे न बघता. त्यानंच डॉक्टरांना म्हटलं होतं, मोठीची नको. "नऊ वर्षांचा असल्यापासून तिच्या उपकाराखाली आहे. आता लघवीला गेलो तरी म्हणेल, माझ्यामुळे गेलास. त्यापेक्षा डायलिसिसच्या यंत्रावर मेलेलं बरं." हे त्याचे शब्द. मी तिला दोनदा म्हणायला लावले.

मग तिचा हात धरला आणि विचारलं, "दुखलं होतं का गं फार?" वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, "खूप."

आता दुपार आहे. समोरच्या बाकावर पाराखात झोपलाय. खिडकीतून वारा येतोय, पांघरूण गुडघ्यापर्यंत घसरलंय. दोनदा हात पुढे केला.

राहू दे.