चौथ्या खांबाखालचा आकडा

सोमवार, ३ जून
आज विभागप्रमुख मॅडमना आलेख दाखवला. गुडघेदुखी आणि व्यायाम, माझा दोन वर्षांचा अभ्यास. चार खांब: अजिबात न करणारे, आठवड्यातून एकदा, तीनदा आणि रोज करणारे. 'रोज'चा खांब असा उंच की बघतच राहावं. दुखणं ऐंशी टक्के कमी! पुढच्या मंगळवारी परिषदेत मांडायचा. मांडला की सीनियर फिजिओथेरपिस्टची जागा माझीच. मग तळघरातल्या या खोलीला कायमचा रामराम.
मॅडम म्हणाल्या, छान आहे, फक्त प्रत्येक खांबाखाली किती माणसं होती ते लिहा, एन बरोबर अमुक. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. उद्या करतो.

मंगळवार
केलं नाही. पेशंट फार. शिवाय एवढ्या देखण्या चित्राखाली आकडे कशाला? दुधात मिठाचा खडा.

बुधवार, दुपारी
बसलो एकदाचा. आकडे खांबांच्या नावांवर चढतात. खाली ओढले तर पानाबाहेर जातात. सॉफ्टवेअर भिकार आहे. पहिले तीन कसेबसे बसवले: ४१, २३, ९. चौथा राहिला. छोटाच आहे. सावकाश करू.

गुरुवार
चौथा टाकला. एन बरोबर १. अक्षर बारीक, रंग फिका राखाडी. कसं सोबर दिसतं.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, एक? एका माणसाचा गट होतो का हो? मी म्हटलं, संख्येपेक्षा सातत्य महत्त्वाचं. त्यांनी विचारलं, कोण हे सातत्य? मी म्हटलं, नाव गोपनीय असतं.
सासूबाई आहेत. तीन महिने न चुकता व्यायाम, फ्रीजवरच्या तक्त्यावर रोजची खूण. बाकीचे पेशंट आळशी निघाले, त्याला मी काय करू?

शुक्रवार
उपाय सापडला! माझाही गुडघा दुखतोच. उद्यापासून मीही रोज व्यायाम करणार. म्हणजे एन बरोबर २. झाला की गट. तीन महिन्यांचं तीन दिवसांत थोडं जास्त करून भरून काढता येईल.

शनिवार
केला नाही. गुडघा दुखत होता.

रविवार, संध्याकाळी
मॅडमची खात्री पटावी म्हणून सासूबाईंचा व्यायाम करतानाचा व्हिडिओ काढायला बायकोबरोबर त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आई, नेहमीसारखं करा. त्या सोफ्यावरून हलेनात. बायकोकडे बघायला लागल्या. बायको खिडकीबाहेर बघायला लागली.
शेवटी सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, रागावू नका, मी एकदाही केला नाही. तुम्ही एवढ्या हौसेने कागद चिकटवलात, म्हटलं तुमचं मन कशाला मोडा. महिनाभराच्या खुणा एकदम करून टाकायचे.
मी विचारलं, मग गुडघा बरा कसा झाला? तर म्हणाल्या, अहो, बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली ना!
बायकोला सगळं माहीत होतं. घरी येताना म्हणाली, तू किती दिवसांनी खूश दिसत होतास, सांगवेना रे. रागवावं म्हटलं तर तेवढंही त्राण नव्हतं. फार वाईट वाटलं.

सोमवार, १० जून
सकाळी लवकर जाऊन चौथ्या खांबाखाली एन बरोबर ० लिहिलं. पहिल्या झटक्यात बसलं. कशावरही चढलं नाही. मग वरचा खांब काढून टाकला.
मॅडम म्हणाल्या, आता आलेख खरा वाटतो. परिषदेचं पुढच्या वर्षी बघू. माझी तळघरातली खोली तशी थंड असते, उन्हाळ्यात बरी.
दुपारी सासूबाईंचा फोन. गुडघा परत धरलाय, आता खरंच रोज करते, फक्त एकदा येऊन दाखवा म्हणाल्या. म्हणजे एन बरोबर १, आणि या वेळी अस्सल! लगेच निघणार होतो. पण लिफ्ट परत बंद पडलीय म्हणे, आणि त्या चौथ्या मजल्यावर.
उद्या जातो.