अव्वाचा टाक

उमरगा, १० डिसेंबर २०२४
।। श्री मार्तंड प्रसन्न ।।

चि. गुंडाप्पा यास म्हाळसाअक्काचे आशीर्वाद. रागातले असले तरी आशीर्वादच.

देवांचे चांदीचे टाक वितळले. काल दुपारी लोहाऱ्याला कल्याणप्पा सोनाराच्या दुकानात जाऊन मी विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं. दसऱ्यानंतर तू देवघरातले चार टाक त्याच्याकडे नेलेस आणि त्या चांदीची तुझ्या नातीच्या इष्टलिंगासाठी डबी करून घेतलीस. टाकांच्या पाठीचे तांब्याचे तीन पत्रे निघाले, ते त्यानं जपून ठेवले होते. माझ्या पदरात टाकले. म्हणाला, अक्का, तांबं माझ्या काय कामाचं, आन देवाचं म्हनून टाकवंना.

शनिवारी चंपाषष्ठीला मी रोडगे आणि भरीत बांधून सास्तूरला आले. चातुर्मासभर वांगं तोंडात घातलं नव्हतं. तळी उचलायला ताम्हण मागितलं, तर तू म्हणालास की आता या घरात तळी उचलत न्हाईत. देवघर उघडलं तर आत बसवण्णांची तसबीर आणि उदबत्तीचं घर. मी तिथंच बेलभंडारा उचलला की पाचही टाक या देवघरात परत येईपर्यंत गुंडाप्पाशी बोलणार नाही. तेव्हा वाटलं होतं, कुठल्या तरी पेटीत ठेवले असशील. शपथ न बोलायची घेतली, न लिहायची नाही. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, उचलणार नाही.

तुला इष्टलिंग प्यारं, असू दे. माझ्याही गळ्यात आहे. पण मला खंडोबा आवडतो. तो घोड्यावर बसतो, भांडतो, दोन बायका करतो आणि दोघींच्या शिव्या खातो. आपल्या माणसासारखा आहे. म्हाळसा तर लिंगायताचीच लेक, तिचं नाव आपल्या आईनं, अव्वानं मला दिलं. महारुद्र स्वामी चार दिवस गावात प्रवचन करून गेले आणि तू पिढ्यांचे देव मुशीत घातलेस.

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मी सासरहून चालत आले आणि ढिगाऱ्यातून चार टाक या हातांनी काढले. अव्वाला काढता आलं नाही, मी पोचायच्या आधीच लोकांनी तिला काढून पुरलं होतं. वर्षानं पाचवा टाक आला, तो तिचा, तिच्याच जोडव्यांचा. तिचा एक फोटोही आपल्याकडे नाही. देवांचे ठसे कल्याणप्पाकडे आहेत. अव्वाचा टाक त्याच्या वडिलांनी हातानं ठोकला होता, त्याला ठसा नाही. चार वितळले, मग पाचवा कुठं आहे? एवढंच लिही.

लोभ आहे. वाढवायची वेळ ही नव्हे.
तुझी अक्का

सास्तूर, १५ डिसेंबर २०२४
।। श्री गुरु बसवलिंगाय नमः ।।

ती. म्हाळसाअक्का यांना गुंडाप्पाचे शरणु शरणार्थ.

पत्र मंजुषानं वाचून दाखवलं. माझा चष्मा सापडेना, आणि सुनेपुढं तुमच्या शिव्या ऐकून घ्याव्या लागल्या. तुमचं समाधान झालं असेल.

आता माझं ऐका. स्वामींनी मला काही शिकवलं नाही. ते बोलले ते एकतीस वर्षं माझ्या पोटात होतं. भूकंप झाला तेव्हा मी सोलापूरला शिकायला होतो. परत आलो तेव्हा शेजारच्या लोकांनी सांगितलं की अव्वा देवघराच्या भिंतीखाली सापडली. तुमचा घोड्यावरचा देव त्याच फळीवर होता, अक्का. त्याच्या अंगावर ओरखडा नाही. तुम्ही ते टाक चिंचेनं घासून चकचकीत केलेत आणि सगळ्यांना दाखवलेत की बघा, देव वाचले. मी तेव्हा काही बोललो नाही. त्यानंतर दरवर्षी तुम्हाला बरं वाटावं म्हणून तळी उचलली, येळकोट म्हटलं. प्रत्येक वेळी ती भिंत दिसायची. एवढी वर्षं केलं, आता झालं नाही.

इष्टलिंगाला भिंत लागत नाही, फळी लागत नाही. ते माणसाच्या अंगावर असतं, माणसाबरोबर मातीत जातं. अव्वाचं तिच्याबरोबर गेलं. मला तोच एक देव खरा वाटतो, जो आपल्याला सोडून मागं उरत नाही. आणि तो पोरीलाही मिळतो. शिवकन्येला पाच जानेवारीला, रविवारी, जंगम लिंग बांधणार आहेत. तिच्यासाठी डबी केली. चांदी घराबाहेर विकली नाही.

पाचवा टाक मी दिला नव्हता. अव्वा मुशीत घालीन इतका मी दगड नाही. घासून घासून सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत झालेत, तरी पदर घेतलेली उभी बाई मी ओळखली आणि बाजूला काढली. दोन महिने रोज सकाळी लिंगपूजेनंतर तिला फूल वाहिलं. स्वामींना कळलं तर ते रागावतील, तुम्ही सांगायला जाऊ नका. शिवशंकर खतं आणायला उमरग्याला येतोय, त्याच्याजवळ टाक पाठवतो. तुम्हीच ठेवा. माझ्यावर भरवसा नसेल तर नसू दे.

आपला लोभ मागायची हिंमत नाही, तरी मागतो.
गुंडाप्पा

उमरगा, २० डिसेंबर २०२४

चि. गुंडाप्पा यास आशीर्वाद.

टाक पोचला. तुझ्या पोरानं रुमालात बांधून आणला, जेवून गेला.

मी रुमाल सोडला आणि टाक पालथा केला. त्याला मागून तांब्याचा पत्रा आहे. अव्वाच्या टाकाला पत्रा नव्हता. अप्पांनी सोनाराला बजावलं होतं, तिच्या जोडव्यांत तांबं घालायचं नाही, नुसती चांदी ठोक. तू तेव्हा परीक्षेला गेला होतास. कल्याणप्पानं चार टाकांचे तीनच पत्रे दिले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. रागात मोजलंच नाही.

तू म्हाळसेला ठेवलंस, गुंडाप्पा, आणि अव्वाला मुशीत घातलंस.

तीस वर्षं दसऱ्याला मी येऊन टाक घासायचे. तू ओट्यावर पेपर वाचत बसायचास. एकदा जरी हातात घेऊन पालथा केला असतास तरी तुला माहीत असतं. देव नको म्हणायचा तुझा हक्क आहे. पण जे नको आहे ते आधी नीट बघावं माणसानं. दोन महिने तू रोज सकाळी खंडोबाच्या बायकोला फूल वाहिलंस, हे तेवढं मी येत्या रविवारी नळदुर्गला जाऊन देवाला सांगणार आहे. तो हसेल. मला हसू येत नाही.

भिंतीचं तू कधी बोलला नाहीस. मी देव वाचले म्हणून नाचत होते, हे खरं आहे. माझ्या हाताला दुसरं काही लागलंच नव्हतं. ते तू विचारायचं होतंस, मी तुला विचारायचं होतं. पण त्यासाठी अव्वा वितळवायची नव्हती.

अक्का

सास्तूर, २५ डिसेंबर २०२४

ती. अक्कांना गुंडाप्पाचा नमस्कार.

कल्याणप्पाकडे जाऊन आलो. त्याला विचारलं, एक टाक नुसत्या चांदीचा होता का. तो म्हणाला, व्हय, मला वाटलं तुमाला ठाव असंल. मी तिथंच बाकावर बसलो. त्यानं चहा मागवला, तो गार झाला.

देवांचे टाक परत पाडून घेता येतील, मी सांगून आलो आहे. तुम्हाला हवे म्हणून, मला नकोत. अव्वाचा आता होणार नाही. पाचही टाक येईपर्यंत बोलणार नाही, असं तुम्ही भंडारा उचलून म्हणालात. म्हणजे तुमची शपथ मरेपर्यंतची झाली. तुमचा देव मी मानत नाही, पण तुम्ही शपथ मोडणार नाही हे मला माहीत आहे.

डबी मोडून काढू का? मंजुषा नको म्हणते. तुम्ही सांगाल तसं करीन. रविवारी, पाच तारखेला या, नाहीतर येऊ नका. येणारच नसाल तर तसं कळवा, मी वाट बघत बसणार नाही.

तुमचा,
गुंडाप्पा

उमरगा, ३० डिसेंबर २०२४

चि. गुंडाप्पा यास आशीर्वाद.

डबीला हात लावू नकोस. पुन्हा तापवलीस तर मी येऊन तुझे हात बांधीन. मंजुषाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

पाच तारखेला सकाळी नऊच्या गाडीनं निघते, लोहाऱ्याला उतरते. शिवशंकरला मोटारसायकल घेऊन पाठव. म्हाळसा माझ्याजवळच राहील, तुझ्या घरात तिला जागा करायची तेव्हा कर. कल्याणप्पाला देवांचे टाक पाडू दे, ते माझ्याकडे येतील. जंगमांना सांग, बाई कपाळाला भंडारा लावून येणार आहे, तोंड वाकडं करू नका.

मी तुझ्याशी बोलणार नाही. शपथ ती शपथ, आणि राग अजून गेलेला नाही. तो जाईल असं तू धरून चालू नकोस.

लिंग बांधून झालं की पोरीला माझ्या मांडीवर द्या. तिच्या गळ्यात अव्वा आहे. मला जे बोलायचं ते मी तिच्याशी बोलेन, आणि ते पुष्कळ आहे. तुला ऐकायचं असेल तर जवळ येऊन बस.

अक्का