रंजिताची जपानी शाळा आणि माझी हरकत

तिरोडा,
बुधवार सकाळ

आदरणीय हिरामणभाऊंना सेवकरामचा सविनय जयभीम.

आपला गुडघा आता कसा आहे? पायऱ्या चढताना अजून कुरकुरत असेल तर तेल चोळण्यापेक्षा चालणे वाढवावे, असे मी एका चांगल्या पुस्तकात वाचले आहे (चालतानाच दुखते ही आपली तक्रार मला ठाऊक आहे, पण त्या लेखकाने गुडघ्याचे मत विचारलेले दिसत नाही). वहिनींचा खोकला थांबला असावा. दुर्गा आपल्याकडे सुखरूप पोहोचली असेलच. भावाचा गुडघा पाहायला आले, असे तिने सांगितले असेल तर ते खरे धरून चालावे. दुसरे काही सांगितले असेल, तर एकाच बाजूचे ऐकून निकाल देणे कोणत्याही न्यायात बसत नाही, म्हणून माझी बाजू मांडतो. ती माझा फोन उचलत नाही आणि आपल्या फोनला चिचगडच्या जंगलात रेंज सापडत नाही. आमचा पुतण्या राजदीप कामासाठी तिकडे निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तो आंघोळीला गेला आहे, तेवढ्यात लिहून होईल.

आपली भाची रंजिता वर्षभरासाठी जपानच्या एका शाळेत अकरावीला आहे हे आपण जाणताच. तिला निरोप देताना मी विहारात जे भाषण केले त्याला आपण हजर होता (मधून उठून गेलात, पण ते गुडघ्यामुळे असे मी मानतो). मी म्हणालो होतो की ज्या घराला गावाने अक्षर नाकारले त्या घराची मुलगी आज समुद्रापार शिकायला निघाली आहे. टाळ्या पडल्या. पोरगी गेली. पहिले काही दिवस तिचे फोन म्हणजे आनंदीआनंद होता. दारात बूट काढून वेगळे बूट घालतात, जेवणाआधी हात जोडतात, वर्गात कुणी ओरडत नाही, मास्तरही नाही. एवढ्या शांततेत विद्या कशी शिरते हा प्रश्न मला पडला, पण मी तो राखून ठेवला.

मग एक दिवस ती सहज म्हणाली, "बाबा, आज माझी संडास धुवायची पाळी होती."

भाऊ, माझ्या हातातला पेला तिथेच थांबला. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली गावकीचा झाडू पाटलाच्या ओट्यासमोर ठेवला आणि परत उचलला नाही. त्यापायी त्यांना विहिरीचे पाणी बंद झाले, मजुरी बंद झाली, पण झाडू तिथेच राहिला. आणि त्यांच्या नातीला जपानने संडास धुवायला लावावा? तिकडे बुद्धाची एवढी मोठी मूर्ती आहे म्हणतात, ती काय नुसती फोटो काढायला? पोरगी पुढे काहीतरी सांगत होती ("बाबा, इथं सगळेच..." एवढे मला आठवते), पण अन्यायाची वार्ता कळल्यावर तपशिलात अडकणारा मी माणूस नाही. मी थेट चौकात गेलो. उमेंद्रच्या चहाच्या टपरीपुढच्या बाकावर उभा राहिलो आणि बोललो. लोक जमले. उमेंद्रने गॅस बारीक केला, एवढे भाषण चांगले झाले. शेवटी तोच म्हणाला, "सेवकरामजी, बात तो सही है, लेकिन जपानवाले सुनेंगे कैसे? अपने चौक की आवाज तो गोंदिया तक नहीं जाती."

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी हरकत लिहिली. राजदीपने ती फोनवरच जपानी करून शाळेच्या मुख्याध्यापकांना, नाकानो सरांना, पाठवली. (तो म्हणत होता, "काका, लई लांबली जी, थोडी कापू का?" मी म्हणालो, इतिहास कापता येत नाही.) हरकतीचे सार असे की आमच्या घराण्याने झाडूला हात न लावण्याची शपथ घेतलेली आहे, ती आम्ही प्राण गेला तरी मोडणार नाही, आणि शाळेने त्याचा मान राखावा.

शाळेने मान राखला. भाऊ, इतका मान आमच्या घराण्याचा आजवर कुणीच राखला नव्हता. नाकानो सरांचे उत्तर आले. त्यात तीनदा क्षमा मागितली होती आणि आमच्या शपथेपुढे शाळा नम्र आहे असे लिहिले होते. मी ते उत्तर विहाराच्या फळ्यावर लावले. लोकांनी माझे अभिनंदन केले. एकट्या दुर्गाने केले नाही. ती फळा वाचून एवढेच म्हणाली, "घराण्याची शपथ? मले कोनी सांगतलं नाई." मी दुर्लक्ष केले.

नंतर रंजिताचा फोन आला. पोरगी रडत होती. जी पोरगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांना रडवून आली ती! घडले होते ते असे. त्या शाळेत रोज तास संपले की गाणे वाजते आणि सगळी शाळा फडकी, झाडू घेऊन उठते. वर्ग, जिने, संडास, सगळे पोरेच साफ करतात. मास्तर करतात. नाकानो सर स्वतः बाह्या सारून गुडघ्यावर बसून फरशी पुसतात (ते "इथं सगळेच" होते ते हेच, वाक्य पूर्ण ऐकले असते तर बरे झाले असते असे दुर्गाचे मत आहे, मी ते नोंदवून ठेवतो). आणि माझ्या हरकतीनंतर रंजितासाठी त्यांनी व्हरांड्यात एक खुर्ची ठेवली. सगळी शाळा ओणवी आणि माझी लेक खुर्चीवर. तिने फडके उचलले तर जवळची पोर दोन्ही हातांनी ते काढून घेते आणि वाकून नमस्कार करते. काम करता करता पोरी हसतात, बोलतात, मैत्री तिथेच होते म्हणे. हिच्याभोवतीची फरशी पुसतात आणि पुढे जातात.

ती म्हणाली, "बाबा, आजोबाच्या हाती लोकं जबरीनं झाडू देत होते. माझ्या हातून लोकं पाया पडून काढून घेतात. पन बाहेर ते बी होते अन् बाहेर मी बी हाव."

हे वाक्य मी लगेच वहीत उतरवून घेतले. (फार मोठे वाक्य आहे. पुढच्या जयंतीला मी ते वापरणार आहे.) मी म्हणालो, आजच हरकत मागे घेतो. तर ती म्हणाली, आता ते इतके सोपे राहिले नाही. वर्गातल्या पोरांनी तिला अगदी निरागसपणे विचारले होते की तुमच्या घराण्यात झाडूला कुणीच हात लावत नाही, तर मग तुमचे घर झाडते कोण?

भाऊ, तीस वर्षे मी व्यासपीठावर उभा आहे. मला दगड पडले, अंडी पडली, एकदा चिखलीला माईकच पडला, पण मी निरुत्तर झालो नाही. या प्रश्नावर मात्र मी चष्मा पुसायला घेतला. फोन स्पीकरवर होता. दुर्गा स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सांगा ना जी. काऊन चूप बसले?"

पण पोरगी बापाची लाज राखायला माझ्याआधीच धावली होती. तिने वर्गाला सांगून टाकले होते की आमच्या घरी बाबा झाडतात. रोज. शपथ फक्त दुसऱ्याच्या बळजबरीच्या झाडूची आहे, आपल्या घराचा झाडू बाबा अभिमानाने हाती घेतात. (युक्तिवाद उत्तम आहे, माझीच लेक.) ते ऐकून सारा वर्ग खूश. नाकानो सर तर इतके भारावले की त्यांनी ठरवून टाकले: शुक्रवारी सफाईच्या वेळी व्हिडिओ कॉल करायचा, तिकडे शाळा झाडेल, इकडे रंजिताचे बाबा अंगण झाडतील, आणि बाबांनी स्वतः परवानगी दिली, की मग रंजिताही फडके हाती घेईल. त्यांची सफाईची वेळ म्हणजे आपल्याकडचे भर दुपारचे बारा. मी झाडताना दिसलो तर पोरगी वर्गात परत गेली. नाही जमले तर ती सगळ्यांसमोर खोटी पडली, आणि पुढचे सारे महिने त्या खुर्चीवर.

दुर्गा हे ऐकून इतकी हसली की तिला ओट्यावर बसावे लागले. मी तिला म्हणालो, मला झाडायला शिकव. ती लगेच उठली, झाडू घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेण्याआधी श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर दोन शब्द बोललो. दोनच. ते संपले तेव्हा झाडूही नव्हता आणि दुर्गाही नव्हती. ती पिशवी भरत होती. "शिकवाले मी तयार होती," ती म्हणाली, "पन तुमी झाडू हाती घ्यायच्या आदीच सभा भरवून राहिले. मी चालली दादाकडं." आणि आपल्याकडे यायला देवरीच्या गाडीत बसली.

तर प्रकरण इतकेच आहे. यात माझी बाजू किती सबळ आहे हे आपल्यासारख्या समंजस माणसाला वेगळे सांगायला नको. मुलांनी शाळा झाडावी की नाही यावर माझे सविस्तर मत मी सवडीने कळवीन. गुडघ्याची काळजी घ्यावी. वहिनींना जयभीम.

आपला,
सेवकराम

ता. क. राजदीप अजून आंघोळ करतो आहे, म्हणून एक किरकोळ गोष्ट. गुरुवारच्या गाडीने दुर्गाला पाठवता आले तर पाहावे. माझ्यासाठी नव्हे, रंजितासाठी. ती येतच नसेल, तर निदान एवढे विचारून राजदीपला सांगावे, तो रेंजमध्ये आला की मला फोन करील: अंगणात सडा आधी टाकतात की झाडून झाल्यावर? पुढे चालत झाडायचे की मागे सरकत? आणि खराटा कुठे ठेवला आहे? सगळे घर शोधले.

ता. क. खराटा सापडला. रोज ज्या दारातून मी बाहेर पडतो त्याच दारामागे होता.

ता. क. हे पत्र दुर्गाला दाखवू नये.

ता. क. दुर्गा, तू वाचून राहिली आहेस हे मले माहीत आहे. राजदीपले थांबवून मी आत्ता सारं अंगण झाडून पाह्यलं. एक शब्द बोललो नाही. वारा कुठून येते हे पाहाचं राहून गेलं, सारा कचरा शेजारच्या धुरपताच्या सडा टाकलेल्या दारात गेला. ती बाहेर उभी आहे. खराटा तिच्याजवळ आहे. मी घरात आहे. ये.