मुक्या गाड्यांची कानउघाडणी

१२ जानेवारी, सोमवार

स्पेअर पार्टच्या डीलरने ही डायरी दिली. पहिली अकरा पानं माझ्या बायकोने, तानाबाईने, फाडून मसाल्याच्या बरण्यांखाली घातली, म्हणून माझं वर्ष आजपासून. हरकत नाही.

लिहिण्याचं कारण एकच. इलेक्ट्रिक गाड्यांचं जे खूळ आता मोताळ्यापर्यंत येऊन पोचलं आहे, ते कधी संपलं त्याची तारीख कुठेतरी नोंदलेली असावी. माझा अंदाज पोळ्यापर्यंत.

संकल्प:
१. इलेक्ट्रिक गाडीला हात लावायचा नाही.
२. तिच्या मालकाला चहा पाजायचा नाही.
३. शांत राहायचं.

तिसरा मोडला. रिटायर्ड हेडक्लार्क मार्तंडराव जोशी यांनी इलेक्ट्रिक कार घेतली आहे. दुपारी मी गॅरेजसमोर रस्त्यावर वाकून पडलेला नट शोधत होतो, तर ती मागून आली आणि आरशाने माझं कोपर पुसून गेली. मार्तंडराव उतरून म्हणतात, "सहदेवराव, तीनदा हॉर्न वाजवला." खोटं. पस्तीस वर्षं सरकारी फायली सांभाळलेला माणूस भर रस्त्यात खोटं बोलतो. गाडी मुकी, तिचा हॉर्नही मुकाच असणार. बैलसुद्धा घुंगरू वाजवत येतो, याला तेवढीही रीत नाही.

१९ जानेवारी

नोंदीसाठी: मला तालुक्यात 'कानवाला मिस्तरी' म्हणतात. मलकापूरच्या उस्तादांनी ही विद्या दिली. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला, मूठ कानाला. कुठं दुखतं ते इंजिन स्वतः सांगतं. टॅपेट वेगळं बोलतं, पिस्टन वेगळं, बेअरिंग तर रडतंच. याला कॉम्प्युटर लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत ऐकायला आहे काय? चाकं लावलेला फ्रीज. चार्जिंग संपलं की रस्त्यातला डबा. मग मालकाने तीन तास बाजूला बसून मोबाईल चोळायचा.

आज रोहिणखेडचा ज्ञानेश्वर मोटरसायकल घेऊन आला. म्हणे टकटक येते. पेचकस लावला. एकदम शांत. सांगितलं, एक नंबर इंजिन आहे, जा.

२१ जानेवारी

ज्ञानेश्वर मोटरसायकल ढकलत परत. टायमिंग चेन गेली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून इंजिनं लबाड झाली आहेत. आवाज न करता बिघडतात. त्याला हे नीट समजावून सांगितलं. तो काहीतरी पुटपुटत दुसऱ्या गॅरेजला गेला. अडाणी माणूस.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मुख्याध्यापकांच्या भाषणातला एक शब्द कळला नाही. माईकवाला हलक्या दर्जाचा. एकंदरीतच लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मोबाईलमुळे जबडा हलवायची सवय गेली.

आमची लेक मंजुश्री त्यात पहिली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, बुलडाण्यात वायरिंगची कामं घेते, माणसं तिचं ऐकतात म्हणे. कसं ऐकतात कोण जाणे. घरात ती नुसते ओठ हलवते. टीव्हीचंही तेच. साठवर ठेवला तरी बातम्या देणारी बाई कुजबुजते. शेजारी मात्र आवाज मोठा आहे म्हणून तक्रार करतात. जळतात. टीव्ही नवा आहे ना.

३ फेब्रुवारी

घरात फितुरी.

जेवताना तानाबाई म्हणाली, "एकदा बुलडाण्याले जाऊन दुकान दाखवून या." मी म्हणालो, दुकान बुलडाण्याला कसं नेऊ, डोक्यावर? तिने कपाळावर हात मारून मंजुश्रीकडे पाहिलं. मग दोघी जे बोलल्या ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं. मशीन बसवावी लागंन. दोन्ही बाजूनं. रोज चार्ज करा लागते.

झालं. सगळा कट लक्षात आला. पोरीने कुठल्यातरी एजन्सीशी बोलून माझ्या गॅरेजवर चार्जिंगचं मशीन बसवायचं ठरवलं आहे. एक नाही, दोन. दुकानाच्या दोन्ही बाजूंना. आईचे कान आधीच भरून ठेवलेत.

मी जाहीर केलं, मी जिवंत आहे तोवर मशीन बसणार नाही. तानाबाई म्हणाली, "नाई बसवली तं पुढं हाल होतीन तुमचेच." धमकी. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिली. म्हणजे मला ऐकू आलेली पहिली.

९ फेब्रुवारी

देवानंद आला. शाळेपासूनचा मित्र. त्याचा टेम्पो रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन राजूर घाट चढतो आणि बुलडाण्याला जातो. बावीस वर्षांत त्या टेम्पोचा एक बोल्टसुद्धा दुसऱ्या कोणाच्या हाताने सुटलेला नाही.

म्हणतो, "सहदेव, हा आता थकला बे. इलेक्ट्रिक टेम्पो पाहून राह्यलो मी."

देवानंदसुद्धा. मी त्याला गॅरेजच्या लेटरहेडवर लेखी दिलं. इलेक्ट्रिक टेम्पो भरलेले कॅन घेऊन राजूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर बसेल आणि रडेलसुद्धा नाही, कारण त्याला आवाजच नाही. आणि हा जुना अजून दहा वर्षं चढेल. खाली सही, शिक्का, तारीख.

तो म्हणाला, "पण पुढच्या चाकातून कर्रकर्र येते ना. डाव्या वळणावर जास्तच." चाक उचललं, फिरवलं, पेचकस लावला. काही नाही. परत लावला. काही नाही. मित्र म्हणून स्पष्ट सांगितलं, "तुह्या कानालेच काही झालं असन. दाखवून घे एकदा."

त्याने आधी माझ्या कानांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतं तं तसंच असन." विश्वास असा असतो. तो बॅटरीवर चालत नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी मंजुश्री आईला म्हणताना ऐकलं, माप घ्या लागंन. म्हणजे एजन्सीचा माणूस टेप घेऊन येणार. दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो, मांडीवर मोठा पाना. कोणी आलं नाही. घाबरले.

गिऱ्हाईकही कोणी आलं नाही. थंडी आहे.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११

राजूर घाटात देवानंदचं पुढचं चाक जॅम झालं. टेम्पो कठड्याला घासत जाऊन थांबला. दूध सगळं रस्त्यावर. देवानंदचा हात मोडला. कठडा होता म्हणून हातावर निभावलं. मागून मार्तंडराव येत होते. त्यांनी त्याला आपल्या त्या मुक्या गाडीत घालून बुलडाण्याला दवाखान्यात नेलं.

कारणं: घाटातला रस्ता. कॅन जास्त भरले असणार. देवानंद वळणं जोरात घेतो, हे मी पूर्वीही सांगितलं होतं.

सायंकाळी ५

टेम्पो गॅरेजला आला. ओढून आणला तो एका इलेक्ट्रिक टेम्पोने. घाटातून इकडे उतारच आहे, त्यात काय मोठं.

उजव्या चाकाचं बेअरिंग चुरा झालं आहे. मुठीत धरून फिरवलं. हाताला कर्रकर्र लागत होती. पेचकस लावला, मूठ कानाला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली. काही नाही. हाताला कळतंय, कानाला कळत नाही. तानाबाई दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती ते माहीत नाही, कारण ती आलेली मला कळली नाही.

पेचकस जुना झाला आहे. उद्या नवा आणतो. आज जेवण गेलं नाही. भीती वाटली. कशाची ते लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी

नवा पेचकस आणला. तोही तसाच. हल्ली स्टील हलकं येतं.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात देवानंदला भेटलो. हात गळ्यात बांधलेला. शर्टाच्या खिशात माझं लेटरहेड होतं, घडी केलेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेपासून तो मला शिव्या देत आला आहे, आज एकही नाही.

तो बोलत होता, मी मान हलवत होतो. मग त्याने चांगल्या हाताने माझी कॉलर धरून मला जवळ ओढलं आणि तोंडाशी तोंड आणून म्हणाला, "वहिनी म्हणते ते ऐक. बुलडाण्यात आलाच हायेस तं दाखवून ये."

त्यालाही त्यांनी फोडलं आहे. पण त्याचा तो हात पाहिला आणि मला नाही म्हणवलं नाही. ठीक आहे. दुकान दाखवतो. बसवू दे मशीन, दोन्ही बाजूंना. मित्राच्या शब्दासाठी स्वतःचं गॅरेज सोडणारा माणूस या तालुक्यात दुसरा दाखवा.

परत येताना गॅरेजच्या पाटीखाली थोडा वेळ उभा राहिलो. 'कानवाला मिस्तरी' मी स्वतः रंगवलं होतं. रंग अजून चांगला आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आजचं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आज माझा अपमान झाला.

मंजुश्रीने मार्तंडरावांना गाडी घेऊन बोलावलं होतं. बसलो, पण हात लावला नाही. दार त्यांनीच उघडलं, त्यांनीच लावलं. संकल्प १ शाबूत. माझ्या मांडीवर फाइल: दुकानाचे कागद, विजेचं बिल, शिक्का, समोरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो.

पाटी होती कान-नाक-घसा. वाटलं, एजन्सीचं ऑफिस वरच्या मजल्यावर असेल. आत एक डॉक्टरीणबाई. मी फाइल तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, दुकान हे असं आहे, पण माझी एक अट आहे, पाटी काढायची नाही. तिने फोटो पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग दिवा घेऊन माझ्या कानात पाहिलं.

तेव्हा तानाबाई ओरडली. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, अगदी मीही ऐकलं. "दुकान नाही हो, दोन कान. दोन कान दाखवा म्हणून राह्यली मी, महिना झाला."

मग काचेच्या खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. अर्धा तास बसलो, चार वेळा दाबलं. बाहेर येऊन सांगितलं, बाई, तुमचं मशीन बिघडलं आहे, पेचकस असेल तर द्या. तिने कागदावरची रेघ दाखवली. राजूर घाट बुलडाण्याकडून उतरतो तशी. दोन्ही कानांची सारखीच.

कारणही सांगितलं. चाळीस वर्षं उघडे सायलेन्सर, ग्राइंडर, डोकं बोनेटमध्ये. म्हणजे इंजिनांनीच खाल्ले. ज्यांना मी जन्मभर जीव लावून ऐकलं त्यांनीच.

बाहेर बाकावर बसून मंजुश्रीला विचारलं, मग दुकानावरचं चार्जिंगचं मशीन? म्हणाली, कोणतं मशीन? मी सगळं सांगितलं. कट, फितुरी, दोन्ही बाजू. मार्तंडराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मंजुश्री हसली नाही, तेवढं तिचं मानलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, पण आयडिया चांगली हाये."

नोंद: गॅरेजवर चार्जिंग पॉइंट टाकायची आयडिया मूळ माझी.

४ मार्च

मशीन बसली. दोन्ही बाजूंना. वाटाण्याएवढी आहेत. रोज एका डबीत ठेवून चार्ज करायची.

ऐकलेल्या गोष्टी: पंख्याची कटकट. स्वतःच्या चपला. तानाबाईचा आवाज, आठवत होता त्यापेक्षा गोड, आणि आठवत होता त्यापेक्षा सतत. टीव्ही अठरावर ठेवला.

येताना घाटात मार्तंडरावांच्या गाडीत बसलो होतो. ती मुकी नाही. बारीक आवाजात सूं करत असते, चढाला वेगळी, उताराला वेगळी. एका वळणावर त्यांनी हॉर्न वाजवला. कानठळ्या बसल्या. त्या दिवशी तीनदा वाजवला असेल, असं आता मी समजून चालतो. माफी मागायची गरज नाही, कारण मी त्यांना तोंडावर खोटारडे म्हटलेलं नाही, फक्त इथे लिहिलं आहे.

आणखी एक. उजव्या पुढच्या चाकातून किर्र येत होती. अगदी कोवळी. मार्तंडरावांना ऐकू येत नव्हती, मंजुश्रीलाही नाही. मी गाडी थांबवायला लावली. चाकाशी बसलो, हात लावला. बेअरिंग. महिनाभरात गेलं असतं, तेही याच घाटात. सांगितलं, उद्या गॅरेजला आणा. संकल्प १ मोटर आणि बॅटरीपुरता होता. चाक हे चाक असतं.

देवानंदच्या घरावरून आलो. तो ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, "बेअरिंग होतं बे. मलेच ऐकू नाही आलं." तो म्हणाला, "मले माहीत होतं." पूर्वी तो इतक्या हळू बोलायचा का, ते आठवत नाही.

१६ मार्च, दुपारी १

पोळ्याची तारीख तूर्त पुढे ढकलली आहे. देवानंदने इलेक्ट्रिक टेम्पो बुक केला. मी त्याला लेटरहेड परत मागितलं, तो देत नाही.

आज माझ्या आयडियेचं उद्घाटन. मंजुश्रीने गॅरेजच्या पुढच्या भिंतीवर चार्जिंगचा पॉइंट टाकला. एकच. माणसं जमली, मार्तंडराव गाडी घेऊन हजर. मी भाषणाला उभा राहिलो. विषय असा की गाडी कोणतीही असो, मिस्तरीचा कान महत्त्वाचा. पण बॅटरीच्या वस्तूवर माणसाने किती विसंबायचं, ती ऐन वेळी डबा होते, असं म्हणत असतानाच सगळीकडे शांत झालं. लोक भारावले असं वाटून मी आणखी दहा मिनिटं बोललो. मग पाहिलं तर सगळे केव्हापासून टाळ्या वाजवत होते, मी थांबावं म्हणून.

कानातलं चार्जिंग संपलं होतं. काल रात्री डबी लावायची राहिली.

मंजुश्रीने दोन्ही मशीन काढून घेतली, डबीत घातली आणि डबी पॉइंटला लावली. नव्या पॉइंटचं पहिलं गिऱ्हाईक मी. दोन तास लागतात. बाजूला खुर्ची टाकून बसलो आहे. मार्तंडराव माझ्या मागे गाडी घेऊन नंबर लावून उभे आहेत. हॉर्न वाजवत असावेत.